आकाशभाषित

संस्कृत नाटके वाचणाऱ्याला 'आकाशभाषित' हा शब्द परका नाही. रंगभूमीवर एकच पात्र उभे असते. समोर कोणी नसते. ते पात्र रिकाम्या जागेकडे पाहून कोणाला तरी हाक मारते, कान देऊन ऐकल्यासारखे करते, 'काय म्हणतोस?' असे विचारते आणि त्या न दिसणाऱ्या माणसाचे बोलणे स्वतःच पुन्हा उच्चारून मग त्याला उत्तर देते. 'भाण' हा रूपकप्रकार तर सगळा या एका युक्तीवर उभा आहे. आपल्याकडे लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' ज्यांनी पाहिले असेल, त्यांना एकच नट केवढी माणसे रंगभूमीवर आणू शकतो हे निराळे सांगायला नको. प्रेक्षकाला ही सारी फसवणूक माहीत असते आणि तरी ती गोड वाटते. मात्र एक गोष्ट विसरायची नाही. आकाशभाषितात पलीकडे कोणीही नसते.

हा जुना शब्द मला गेल्या दिवाळीत अगदी अनपेक्षित जागी आठवला. फराळाची बशी घेऊन मी पुतण्याच्या खोलीत गेलो. दिवा मालवलेला, संगणकाच्या पडद्यावर मुंबईचा विमानतळ रात्रीच्या दिव्यांनी उजळलेला, आणि कानांवर हेडफोन चढवून आमचे चिरंजीव ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते, नुकती मुंज झालेला बटू संध्या घोकतो तसे. मला पाहताच त्याने तोंडावर बोट ठेवले. मग एक बटण दाबून इंग्रजी आकड्यांची लांबलचक माळ त्याने एका दमात म्हटली आणि बटण सोडून तो श्वास रोखून बसला.

"कोणाशी बोलतोस रे?" मी विचारले.

"काका, जरा थांबा ना. मुंबईच्या नियंत्रकाशी बोलतोय."

तेवढ्यात हेडफोनमधून मलाही ऐकू येईल इतपत मोठा आवाज आला. कोणी एक गृहस्थ शांतपणे म्हणाले की सहा हजार नव्हे, सात हजार. पुतण्याचा चेहरा पडला. त्याने पुन्हा बटण दाबले आणि या वेळी 'सात हजार' असे नीट म्हटले. पलीकडून होकार आला. लगेच दुसऱ्या एका वैमानिकाचा आवाज सुरू झाला. तो बिचारा एवढा वेळ आपली पाळी येण्याची वाट पाहत होता.

घरात बसून विमान चालवण्याचा हा छंद आता चांगला जुना झाला आहे. ब्रूस आर्टविक या अमेरिकन माणसाने 1979 साली अॅपलच्या छोट्या संगणकासाठी त्याची पहिली आवृत्ती केली. 1982 साली मायक्रोसॉफ्टने ती आपल्या नावाने आणली. तेव्हाचे आकाश म्हणजे एक आडवी रेघ, खाली जमीन आणि वर पोकळी. तिथून 2020 सालच्या आवृत्तीपर्यंत चित्राने जी मजल मारली ती थक्क करणारी आहे. उपग्रहांनी आणि विमानांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून सारी पृथ्वी उभी केलेली. ढग खरे, नद्या खऱ्या. या चित्राचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला बोलायचे आहे ते आवाजाविषयी. खऱ्या आकाशात वैमानिक आणि जमिनीवरचे नियंत्रक यांच्यात जी अखंड बोलाचाली चालते ती या घरगुती नाट्यात कशी आणली जाते, आणि तिला 'खरी' केव्हा म्हणावे, एवढाच माझा प्रश्न आहे. कोणी म्हणेल, हा साहित्याच्या मासिकाचा विषय आहे काय? माझे उत्तर असे की जिथे संवाद लिहिला जातो, म्हटला जातो आणि त्याने प्रत्यय यावा अशी अपेक्षा असते, तिथे समीक्षकाला जागा आहे.

आधी ही भाषा कशी आहे ते पाहू. ती इंग्रजी खरी, पण शाळेतली इंग्रजी नव्हे. तिच्यात 'थ्री'ला 'ट्री' म्हणतात, 'फोर'ला 'फोवर', 'फाइव्ह'ला 'फाइफ', 'नाइन'ला 'नाइनर' आणि 'थाउजंड'ला 'टाउझंड'. इंग्रजांचा तो 'थ' जगातल्या अनेक जिभांना साधत नाही. फाइव्ह आणि नाइन तर खरखरीत सारखेच ऐकू येतात. म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेने उच्चारच बदलून टाकले. जे उच्चार केल्याबद्दल आमच्या मास्तरांनी आम्हांला बाकावर उभे केले असते, तेच आकाशात शिष्टसंमत आहेत! अक्षरांनाही नावे आहेत: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, ही वर्णमाला 1956 सालापासून रूढ झाली. विमान कंपन्यांना हाकेची नावे आहेत. ब्रिटिश एअरवेजला 'स्पीडबर्ड' म्हणतात, आपल्या इंडिगोला 'आयफ्लाय'. प्रत्येक विमानाला रडारवर ओळखू यावा म्हणून चार आकडी संकेत दिला जातो, आणि त्यात आठ किंवा नऊ हे आकडे कधीच नसतात.

परंतु या भाषेचा प्राण तिच्या शब्दांत नाही. तो एका रिवाजात आहे. नियंत्रकाने उंची, दिशा, धावपट्टी असे काही महत्त्वाचे सांगितले की वैमानिकाने ते पुन्हा म्हणून दाखवायचे. त्याला 'रीडबॅक' म्हणतात. नियंत्रकाने ते कान देऊन ऐकायचे, चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची. म्हणजे पाहा, हे अगदी आकाशभाषितच झाले: न दिसणाऱ्या माणसाचे वाक्य स्वतःच्या तोंडाने परत उच्चारायचे. फरक एवढाच, की इथे पलीकडे माणूस आहे आणि त्याच्या कानावर तुमचा जीव अवलंबून आहे. नट पुनरुक्ती करतो ती प्रेक्षकाला कळावे म्हणून. वैमानिक करतो ती पलीकडच्याला आपल्या हातून झालेली चूक पकडता यावी म्हणून.

ही कसोटी हातात घेऊन आपण घरगुती आकाशातले आवाज एकेक करून ऐकू.

पहिला प्रकार निव्वळ गजबजीचा. खऱ्या विमानतळांवरची बोलणी ध्वनिमुद्रित करून ती पार्श्वभूमीला लावून ठेवायची. नाटकात पडद्यामागून 'जयजयकार' ऐकवतात, त्यातलाच हा प्रकार. पहिल्या दिवशी मोठी मौज वाटते. आठवड्याने लक्षात येते की खिडकीबाहेर आकाश मोकळे आहे आणि कानात दहा विमाने रांगेत उभी आहेत. विमान पुण्यावर आहे आणि बोलणे कुठल्या तरी अमेरिकन शहरातले चालले आहे. महिन्याने तर कोणत्या खोकल्यानंतर कोणते वाक्य येणार हेही पाठ होते. हा आवाज खराच असतो, आणि नेमका तोच इथे सर्वांत खोटा वाटतो. कारण त्याचा ऐकणाऱ्याशी काडीचाही संबंध नाही. अस्सल माल चुकीच्या जागी ठेवला की तो नकली होतो, हा कलेतला जुना धडा इथे पुन्हा मिळतो.

दुसरा प्रकार जोडकामाचा. 2001 साली निघालेल्या 'फ्लाइट सिम्युलेटर 2002' या आवृत्तीत नियंत्रक प्रथमच तुमच्याशी बोलू लागला. आधी मुद्रित केलेले शब्द आणि शब्दसमूह कापून, सांधून त्याची वाक्ये केलेली. आपल्या रेल्वे स्थानकांवर बाई गाडीचा क्रमांक सांगतात तेव्हा प्रत्येक आकडा आपापल्या सुरात येतो, तसेच काहीसे हे ऐकू येई. गंमत अशी की इथे हा दोष फारसा खुपत नसे. खरी आकाशभाषाच मुळी ठरीव तुकड्यांची, आकडे सुटे करून बोलण्याची आहे; त्यामुळे तिच्या तुकड्यांचे हे बाहुले बरेचसे मूळ माणसासारखे दिसे. पुढे 2020 च्या आवृत्तीत तुकड्यांच्या जागी यंत्राने घडवलेला सलग आवाज आला. सांधे बुजले, आवाज गुळगुळीत झाला.

पण खरे वैगुण्य सांध्यांत नव्हतेच. या दोन्ही आवृत्त्यांत वैमानिकाने बोलायचे नसते. पडद्यावर एक यादी येते आणि तिच्यातला आकडा दाबायचा असतो. 'सात हजार फुटांपर्यंत चढा' असा हुकूम आला की यादीत त्याची पोच असते. ती निवडली की तुमच्या वतीने यंत्रच 'सात हजार' असे बिनचूक म्हणून टाकते. पुतण्याने त्या रात्री केलेली चूक इथे करताच येत नाही! तुम्ही अर्धवट झोपेत असा, हुकूम ऐकलेलाही नसो, तुमचे उत्तर बरोबरच असणार. आणि चुकण्याची सोय नसेल तिथे बरोबर बोलण्याला काय किंमत? हा खरा भाण आहे. दोन्ही पात्रे एकच नट वठवतो, आणि तो नट तुम्हीही नव्हे. तुम्ही तिकीट काढून आलेले प्रेक्षक. पुढे तुम्ही चढायला थोडा उशीर केलात की तो नियंत्रक लवकर चढा, लवकर चढा असा धोशा लावतो. ही त्याची सवय छांदिष्टांत थट्टेचा विषय झाली आहे. मला मात्र त्या थट्टेत थोडी करुणा दिसते. ऐकू न येणारा माणूसच एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतो.

तिसरा प्रकार अगदी अलीकडचा. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे नियंत्रक निघाले आहेत. तुम्ही आपल्या तोंडाने बोलायचे. यंत्र ते ओळखते, चुकीचा रीडबॅक पकडते, आणि आडवळणाने विचारलेल्या प्रश्नालाही उत्तर देते. न्यायाने बोलायचे तर ही मोठी मजल आहे. भाणातल्या रिकाम्या जागेला प्रथमच कान फुटले. ज्याला रात्री दोन वाजता, कोणत्याही विमानतळावरून, कोणालाही त्रास न देता सराव करायचा आहे त्याला यासारखा सोबती नाही. भिडस्त माणसाने सुरुवात इथूनच करावी, असे मी म्हणेन. तरीही ऐकत असता काहीतरी उणे आहे असे वाटत राहते, आणि ते उणे काय ते चौथा प्रकार ऐकेपर्यंत सांगता येत नाही.

चौथा प्रकार माणसांचा. 2001 साली 'व्हॅटसिम' नावाचे एक जगभरचे जाळे सुरू झाले. त्यात वैमानिकही घरी बसलेले आणि नियंत्रकही घरी बसलेले. हे नियंत्रक पगारी नाहीत. हौसेने शिकतात, परीक्षा देतात आणि संध्याकाळी जेवणे आटोपली की कोणी मुंबईचा मनोरा उघडतो, कोणी लंडनचा. पुतण्याला 'सात हजार' म्हणून सांगणारे गृहस्थ असेच कोणी असणार. दिवसा ते बँकेत असतील किंवा महाविद्यालयात शिकत असतील.

या प्रकारात दोष नाहीत असे नाही. उलट सर्वांत जास्त दोष इथेच आहेत. बहुतेक वेळा तुम्हांला हवा असलेला मनोरा बंद असतो. उघडा असला तर एकच माणूस जमिनीवरची विमानेही हाकतो आणि आकाशातलीही. काही नियंत्रक पोथीनिष्ठ असतात; खऱ्या मुंबईत वैमानिक आणि नियंत्रक एकमेकांना मोकळेपणी नमस्कार करतात, आणि इथे एखादा नवशिका शब्दाचा काना-मात्रा चुकू देत नाही. कोणाच्या ध्वनिक्षेपकातून घरातला पंखा घुमतो, कोणाच्या मागे कुकरची शिट्टी होते. अनुकरण म्हणून पाहिले तर यंत्राचा नियंत्रक यांच्याहून जास्त सुबक आहे.

आणि तरी पुतण्याचे तळहात घामेजले होते ते इथेच. त्याचे कारण उघड आहे. त्याची चूक कोणीतरी ऐकली. त्या चुकीपायी दुसरा कोणी थांबला. सगळ्यांची मिळून एकच लहर असते. एका वेळी एकानेच बोलायचे. तुम्ही जितका वेळ घ्याल तितका दुसऱ्याचा जाईल. बोलण्यापूर्वी ओठांतल्या ओठांत घोकणे, कोणाचे वाक्य अर्धवट तुटू नये म्हणून क्षणभर थांबणे, चुकल्यावर लाज वाटणे, हे सारे खऱ्या वैमानिकाचे गुण यादीतला आकडा दाबून येत नाहीत. यंत्राचा नियंत्रक तुमची चूक पकडतो हे खरे; पण त्या चुकीने त्याची संध्याकाळ बिघडत नाही. उणे होते ते हे.

आता मी ज्या एका गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. विमानांची ही बोलणी जुन्या पद्धतीच्या, एएम लहरींवर चालतात. आपल्या मध्यमलहरी आकाशवाणीची जी पद्धत तीच. दोन जण एकाच वेळी बोलले तर दोघांचेही शब्द बुडतात आणि ऐकणाऱ्याला एक कर्कश शीळ ऐकू येते. निदान एवढे कळते की दोघे एकदम बोलले. घरगुती जाळ्यावर पूर्वी ही शीळ नव्हती. आवाज स्वच्छ येत. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅटसिमने आपली ध्वनियोजना नवी केली. अंतर वाढले की आवाज विरळ व्हावा, क्षितिजापलीकडे तो पोचू नये, आणि दोघे एकदम बोलले तर शीळ वाजावी, अशी व्यवस्था मुद्दाम केली. म्हणजे बिनदोष यंत्रात कष्ट करून एक दोष घातला! वरवर पाहता हा वेडेपणा आहे. मला तो या सबंध छंदातला सर्वांत विचारी कलानिर्णय वाटतो, आणि त्याचे कारण समजण्यासाठी एका दुःखद दिवसाकडे जावे लागेल.

27 मार्च 1977. कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ येथील विमानतळ, दाट धुके. एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमाने. डच केएलएमचे विमान एका टोकाला उड्डाणाच्या तयारीत. अमेरिकन पॅन अॅमचे विमान त्याच पट्टीवरून हळूहळू चालत येत असलेले. डच वैमानिकाला मार्गाची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची नव्हती. रीडबॅकच्या शेवटी त्याच्या सहकाऱ्याने आपण आता उड्डाणाला लागलो आहोत अशा अर्थाचे धूसर शब्द उच्चारले. नियंत्रकाला वाटले, विमान जागेवर तयार उभे आहे. तो 'ठीक' म्हणाला आणि पुढे म्हणाला की थांबा, मी सांगतो. नेमक्या त्याच क्षणी पॅन अॅमचा वैमानिक कळवळून सांगत होता की आम्ही अजून पट्टीवरच आहोत. दोघे एकदम बोलले. केएलएमच्या कक्षात 'ठीक' एवढे स्पष्ट आले, आणि मग सुमारे चार सेकंद ती शीळ. त्या दोन वाक्यांपैकी एक जरी सुटे पोचले असते तरी पुरे होते. 583 माणसे गेली. त्यानंतर नियम झाला की 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. एवढ्या मृत्यूंनी एका शब्दाचा अर्थ पक्का केला, असा दुसरा शब्द मला ठाऊक नाही.

आपल्या देशालाही या भाषेची किंमत मोजावी लागली आहे. 12 नोव्हेंबर 1996 रोजी संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदियाचे जंबो 14,000 फुटांवर होते. दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला 15,000 फुटांवर राहण्याचा हुकूम होता. त्या विमानातून आपण त्या उंचीवर आलो असे उत्तरही आले. विमान मात्र खाली येतच राहिले. हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन्ही विमाने आदळली आणि त्यांतली सर्वच्या सर्व 349 माणसे गेली. कझाक विमानात नियंत्रकाशी बोलणारा माणूस निराळा आणि विमान हाकणारे निराळे होते. चौकशीत त्यांच्या इंग्रजीच्या कच्चेपणाकडेही बोट दाखवले गेले. शब्द बरोबर होता, पण विमान त्या शब्दाला बांधलेले नव्हते. नुसता रीडबॅक पुरेसा नाही. म्हणणाऱ्याने आपण काय म्हणतो ते करायलाही हवे, हे तिथे कळले.

आता त्या शिळेकडे पुन्हा पाहा. पुतण्याच्या खोलीत ती वाजते तेव्हा कोणी मरत नाही. दोन मुले एकदम बोलली एवढाच तिचा अर्थ. पण ती वाजल्यावर दोघेही गप्प होतात, आणि नियंत्रक ज्याला आधी बोलू देतो तोच बोलतो. ज्या सवयीने तेनेरीफ टळले असते ती सवय इथे खेळात लागते. यंत्रावर केवळ नाद म्हणून शीळ घातली असती तर ते नाटकातल्या विजेच्या कडकडाटासारखे झाले असते. इथे तिच्यामागे एकमेकांना खरोखरच अडवणारी दोन माणसे आहेत. म्हणून माझे म्हणणे असे की घरगुती आकाशातल्या बोलण्याचा खरेपणा उच्चारात नाही, खरखरीत नाही, परिभाषेच्या शुद्धीतही नाही. आपले बोलणे कोणाला तरी खोळंबवू शकते, बुडवू शकते, सावरू शकते; या जाणिवेत तो आहे.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा की एवढ्या थोर दुःखाची खूण करमणुकीत आणावी काय? मला वाटते, आणावी; पण तिचा अर्थ ठाऊक असताना आणावी. आपण सोंगट्यांच्या खेळात घोडे आणि वजीर मारतोच. मात्र ज्या खेळात मृत्यू नाही त्यात मृत्यू टाळण्याचे शिस्तबद्ध वळण लागत असेल, तर तो खेळ मेलेल्यांचा अवमान करीत नाही. मला अवमान वाटतो तो वेगळ्याच ठिकाणी: खऱ्या अपघातातले अखेरचे बोल केवळ अंगावर काटा यावा म्हणून ऐकवले जातात तिथे.

दुसरा आक्षेप रसिकाचा आहे. दिवसभराच्या कामाने शिणलेला माणूस संध्याकाळी कोकणच्या किनाऱ्यावरून एक छोटे विमान नेतो, खाली लाटांची पांढरी रेघ पाहतो. त्याला ही आकड्यांची कटकट कशाला? त्याने खुशाल आवाज बंद करावा. शांतता हीही आकाशाची खरी भाषा आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून मुंबईच्या जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या त्या चिमुकल्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. कोणी त्यांना उंची सांगितली नाही, की त्यांनी कोणाला उत्तर दिले नाही. त्या उड्डाणाचे घरगुती नाट्य कोणी केले आणि त्यात एखाद्या सुरेल नियंत्रकाचा आवाज घातला, तर मी त्याला अवास्तव म्हणेन. खऱ्या आकाशातही आता पुष्कळ निरोप आवाजाऐवजी अक्षरांनी पडद्यावर येऊ लागले आहेत. आवाज कमी झाला म्हणून खरेपणा गेला असे नाही. खोटी असते ती फक्त एकच गोष्ट: कोणी ऐकत नसताना ऐकतो आहे असे भासवणे.

असो. त्या रात्री पुतण्याचे विमान मुंबईच्या पश्चिमेला समुद्रावर उठले आणि दक्षिणेकडे वळले. मी चकल्या संपवत तिथेच बसून राहिलो. रत्नागिरी मागे पडल्यावर नियंत्रकाचा आवाज आला. त्याने उशीर झाल्याचे सांगितले, मनोरा बंद करत असल्याचे सांगितले आणि सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. एकामागून एक चार-पाच वैमानिकांनी त्याचा निरोप घेतला. मग लहर अगदी निःशब्द झाली.

असे झाले म्हणजे सगळ्यांनी एका ठरलेल्या सामायिक लहरीवर जायचे आणि आपण कुठे आहोत, काय करणार आहोत ते आपले आपण सांगत राहायचे, असा शिरस्ता आहे. पडद्यावर आसपास दुसरे एकही विमान दिसत नव्हते. तरी दाबोळीची धावपट्टी दिसू लागताच पुतण्या सावरून बसला, क्षणभर थांबला, बटण दाबले आणि आपण गोव्यात उतरत असल्याचे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितले.

"अरे, आता तर कोणीच नाही ना?" मी म्हणालो.

"नसेल, काका," तो बटण सोडून म्हणाला. "पण असला तर?"